तक्ता आणि हातोडी

जुनी शिडाची बोट घ्यायला निघालेला माणूस सर्व्हेयरला बोलावतो, तेव्हा त्याचं मन बहुतेक करून आधीच बसलेलं असतं. साखरपुडा उरकलेला, आणि मी पत्रिका बघायला आलेला भटजी. गुण किती जुळतात ते सांगा, पण लग्न मोडेल असं काही बोलू नका, अशा चेहऱ्याने ही मंडळी माझ्यामागून बोटभर फिरतात. किंमत ठरलेली असते, दहा टक्के इसार दलालाकडे जमा असतो, आणि विमा कंपनीला माझा कागद हवा असतो म्हणून मी हवा असतो.

त्यामुळे एक जोडपं कॅलिफोर्नियातल्या अलामेडाच्या यार्डात येऊन "आम्हाला दोन बोटी आवडल्यात, दोन्हींचा सर्व्हे करा" म्हणालं, तेव्हा मी आधी त्यांना खर्च सांगितला. सर्व्हेची फी फुटावर. बोट पाण्याबाहेर काढायचं भाडं वेगळं. हे सगळं घेणाऱ्याच्या खिशातून, आणि जी बोट घेणार नाही तिच्यावर घातलेला पैसा गंगार्पण. ऐकूनही दोघं हलले नाहीत. नवरा पुण्याचा, सनीव्हेलला चिप डिझाइनमध्ये. बायको देवगडची, सनीव्हेलच्याच एका दवाखान्यात हिशेब बघते. दोघं पन्नाशीच्या पुढे, मुलगी नोकरीला लागलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात क्लबच्या बोटींवर दोघं शीड चालवायला शिकले होते. आता स्वतःची बोट हवी होती. दोन-तीन वर्षं इथेच हात बसवायचा, मग एका ऑक्टोबरात सॅन दिएगोहून मेक्सिकोला काबो सान लुकासपर्यंत साडेसातशे मैल उतरायचं, आणि जमलं तर पुढे पॅसिफिक ओलांडून मार्केझास बेटं. त्याच्याही पुढचं देवगडच्या बंदराचं स्वप्न बाईंनी एकदाच बोलून दाखवलं आणि लगेच हसण्यावारी नेलं.

मी मूळचा जयगडचा. व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून उमेद घालवली आणि उतारवयात या फायबरग्लासच्या छोट्या बोटींकडे वळलो. मराठी ऐकल्यावर बाई मला दादा म्हणू लागल्या आणि मी त्यांना ताई. असं नातं जोडलं की सर्व्हेयरचं काम अवघड होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

पहिली बोट 1976 सालची वेस्टसेल 32. दुसरी 1988 सालची कॅटलिना 34. लांबीत दोन-अडीच फुटांचा फरक, दोन्ही कॅलिफोर्नियातच जन्मलेल्या, मागितलेली किंमतही जवळपास सारखी. एवढ्यावर साम्य संपतं.

वेस्टसेलबद्दल मी तटस्थ नाही, हे इथेच सांगून टाकतो. तिचं मूळ विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकाने 1920च्या दशकात काढलेल्या 'एरिक' नावाच्या बोटीत आहे. एरिकचं मूळ त्याहून मागे, नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने बांधलेल्या बचावनौकांत. बाकीचे मच्छीमार घरी परतताना वादळात बाहेर जायचं, हे त्या नौकांचं काम. दोन्ही टोकांना निमुळती, पोटात जड, पाण्याखाली नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग लांब कील. त्याच एरिकच्या नकाशांवरून 1963-64 मध्ये मुंबईत कुलाब्याला सागवानाची एक बोट बांधली गेली, ती सुहैली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. 14 जून 1968 ला तो सुहैली घेऊन इंग्लंडच्या फालमथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 ला तिथेच परतला. असं करणारा तो पहिला माणूस. पुढे बिल क्रीलॉकने तोच घाट फायबरग्लाससाठी बेतला आणि 1970च्या दशकात वेस्टसेल 32 तयार झाली. म्हणजे अलामेडाच्या यार्डात टांगलेली ही बोट कुलाब्याच्या सुतारांनी घडवलेल्या बोटीची चुलत बहीण. देवगडच्या बाईंना मी हे सांगितलं आणि नवऱ्याने माझ्याकडे 'आता हे कशाला सांगितलंत' अशा नजरेने पाहिलं.

कारण त्यांच्या तक्त्यात कॅटलिना पुढे होती. गृहस्थांनी तक्ता बनवला होता, आणि चांगला बनवला होता. टिंगल करण्याजोगा अजिबात नव्हता. वेस्टसेलचं वजन 19,500 पौंड, म्हणजे पावणेनऊ टनांच्या वर. त्यातलं 7,000 पौंड कीलच्या पोटात घातलेलं जड भरताड. पाण्याच्या रेषेवर लांबी साडेसत्तावीस फूट, रुंदी अकरा फूट, पाण्याखाली पाच फूट. कॅटलिनाचं वजन 11,950 पौंड, साधारण 5.4 टन. त्यात 5,000 पौंडांची शिशाची कील, खालून बोल्टांनी जोडलेली. पाण्याच्या रेषेवर जवळजवळ तीस फूट, रुंदी पावणेबारा. वजनाच्या हिशेबात शीड किती, याचा एक आकडा असतो. वेस्टसेलला तो चौदाच्या आसपास येतो, कॅटलिनाला सोळा. या आकड्यांत दोनाचा फरक म्हणजे हलक्या वाऱ्यात एक चालते आणि दुसरी विचार करत उभी राहते. वेस्टसेलवाल्यांना बाकीचे चेष्टेने ओली गोगलगाय म्हणतात, ते यावरूनच.

कॅटलिनाचा एकच आकडा त्यांना खुपत होता. 1979 साली इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत वादळ झालं आणि पंधरा स्पर्धक गेले. त्यानंतर अमेरिकेच्या क्रूझिंग क्लबने बोट उलटण्याच्या धोक्याचा एक ढोबळ अंदाज काढायचं सूत्र दिलं: फुटांतली रुंदी भागिले घनफुटांतल्या विस्थापनाचं घनमूळ. उत्तर दोनच्या खाली असावं. वेस्टसेलचं येतं 1.63. कॅटलिनाचं 2.06. गृहस्थांनी त्या 2.06 ला लाल रंग दिला होता.

मी म्हटलं, "हा लाल रंग काढा. या सूत्राला फक्त रुंदी आणि वजन कळतं. डोलकाठीच्या टोकाला एक टन शिसं बांधा, तुमचा आकडा सुधारेल आणि बोट पहिल्या लाटेत आडवी होईल. वजन किती, याच्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. 2.06 आणि 1.98 यांत रेघ मारून अलीकडे जीव आणि पलीकडे मरण असं काही नसतं."

"मग हा दुसरा?" त्यांनी खालची ओळ दाखवली. टेड ब्रूअर या आरेखकाचा आरामाचा आकडा. बोट लाटेवर किती हळू डोलते आणि किती झटके देते याचा तो अंदाज. वेस्टसेल 43, कॅटलिना 22. "हा तर त्यानेच अर्ध्या गमतीत काढलाय म्हणतात."

"हो. गमतीतच काढला," मी म्हटलं. "पण तो राहू द्या."

पाण्याबाहेर दोन्ही बोटी एकाच आठवड्यात काढल्या. पट्ट्यांच्या क्रेनवर लोंबकळणारी बोट पाहिली की माणसं गप्प होतात. पाण्यात दिसते त्याच्या दुप्पट ती वर असते. माझी हातोडी प्लास्टिकची, आणि कानावर सगळा भरवसा. घट्ट फायबरग्लास टणटणीत वाजतो, आत पाणी शिरून थर सुटले असतील तिथे आवाज बसका येतो. फुटाफुटाने वाजवत जायचं, शंका आली तिथे खडूची खूण करायची, मग ओलावा मोजायचं यंत्र लावायचं. ताईंनी मागितली म्हणून मी त्यांच्या हातात हातोडी दिली, आणि थोड्याच वेळात त्यांनी एक बसकी जागा माझ्याआधी पकडली. देवगडला आंब्याच्या पेट्यांत वाढलेलं माणूस; टिचकी मारून आतलं ओळखायची सवय असणार.

कॅटलिनाचा शेवटचा मालक एक निवृत्त शिक्षक, आणि त्याने तिला वीस वर्षांच्या वर सांभाळलेली. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या, इंजिनाचं तेल किती तासांनी, कोणत्या झडपेला ग्रीस कधी, सगळं वहीत, तारखेनिशी. पाण्याखालच्या एकूण एक झडपा हाताने फिरल्या. कील आणि हल, म्हणजे बोटीचं कवच, यांच्या सांध्यात पुढच्या टोकाला केसाएवढी वाकडी रेघ होती. या बोटींचे मालक तिला हसू म्हणतात. शिशाची कील बोल्टांनी लटकलेली असते, वर्षांनुवर्षं थोडी हालचाल होते आणि वरचं भरण तडकतं. खरं बघायचं ते आत, बोल्टांच्या नटांखाली. तिथे वरवरचा गंज होता, खाणारा नव्हता. सुकाणूच्या पात्याच्या खालच्या टोकाला भोक पाडलं तर थोडं पाणी ठिबकलं; या वयाच्या बोटीत न ठिबकतं तर मला नवल वाटलं असतं. डेकवर दोन खांबांच्या बुडाशी लाकूड ओलं. बस. माझ्या यादीत तातडीच्या सदरात काहीच आलं नाही, असं फार कमी वेळा होतं.

वेस्टसेलची गोष्ट वेगळी. या आठशेच्या वर बोटी बनल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा नुसता हल आणि डेक असा संच म्हणून विकल्या गेल्या. आतलं लाकूडकाम, वायरिंग, टाक्या, इंजिन बसवणं, सगळं घेणाऱ्याने आपल्या अंगणात, आपल्या अकलेने केलेलं. त्यामुळे वेस्टसेलचा सर्व्हे हा बऱ्याच अंशी पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाच्या हाताचा सर्व्हे असतो. या बोटीचा तो अनोळखी माणूस सुतार म्हणून देवमाणूस होता. सागवानी कपाटांचे सांधे अजून नख न शिरण्याइतके घट्ट. वीजकाम करताना मात्र त्याने हाताला लागेल ती वायर वापरली होती, आणि नंतरच्या प्रत्येक मालकाने जुनी न काढता वर नवी घातली होती. पॅनेल उघडल्यावर मागे जे काही दिसलं त्याचे मी अहवालासाठी फोटो काढले. वर्णन करण्यात अर्थ नव्हता. जमिनीखालची डिझेलची टाकी बुडाशी गंजून झिरपत होती. आणि मागे हलच्या बाहेर पाण्यावर काढलेला बूमकिन नावाचा लाकडी सोट असतो, डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार त्यावर येते. त्याच्या एका दांड्यात बोल्टाच्या भोकापाशी माझा स्क्रू-ड्रायव्हर निम्मा आत गेला. वरून वॉर्निश चकाकत होतं. तो दांडा मोडला तर तार सुटते, आणि तार सुटली तर डोलकाठी पुढे पडते. माझ्या यादीत तातडीच्या सदरात ही पहिली ओळ.

हल मात्र मी वाजवून वाजवून थकलो. जाड हाताने घातलेले थर, कुठेही बसका सूर नाही. सुकाणू बाहेरच्या बाजूला बिजागऱ्यांवर टांगलेलं, दिसतं, हाताला लागतं, एखाद्या किनाऱ्यावर ओहोटीत बोट टेकवून काढता येतं. तारांचे जाड पट्टे हलच्या बाहेरून बोल्टांनी बसवलेले, म्हणजे गंज आला तर लपायला जागा नाही. कील बोल्टांची नाहीच. वजन हलच्या पोटात.

इथे गृहस्थांनी तक्त्याला एक नवा स्तंभ जोडला: दुरुस्तीचा खर्च. बेरीज करून त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. वेस्टसेलला लागणारी रक्कम तिच्या मागितलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडी कमी. कॅटलिनाला त्याचा पाचवा हिस्सा. "दादा, आता तुम्हीच सांगा. तुम्ही असतात तर कुठली घेतली असतीत?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचं उत्तर द्यायचं नाही हा आमच्या धंद्याचा दंडक आहे. सर्व्हेयर बोटीची अवस्था सांगतो. घ्या किंवा घेऊ नका, हे सांगत नाही. मी म्हटलं, "तुमच्या तक्त्यात सगळे स्तंभ सारखेच रुंद आहेत. त्यांचे दोन ढीग करा. पैशाने बदलेल ते एका बाजूला, कितीही पैसा ओतला तरी बदलणार नाही ते दुसऱ्या बाजूला. वायरिंग, टाकी, बूमकिन, तारा, झडपा, इंजिनसुद्धा, हे पहिल्या ढिगात. त्याचं भांडण मालकाशी किमतीवर होईल. वजन, रुंदी, पाण्याखालचा आकार हे दुसऱ्यात. या दुसऱ्या ढिगाशी तुमचं जमतं का, ते कागदावर कळणार नाही. दोन्ही बोटी गोल्डन गेटच्या बाहेर न्या."

बोट चालवून बघायची चाचणी म्हणजे इथे सहसा खाडीच्या शांत पाण्यात तासभराची फेरी. इंजिन तापतं का, शिडं वर जातात का, संपलं. तेवढ्यावर दोन बोटींची तुलना होत नाही, खाडीत सगळ्याच बोटी गुणी असतात. मालकांना पटवायला वेळ गेला. वेस्टसेलच्या मालकाला मी बूमकिन दाखवल्यावर त्यानेच तात्पुरती पोलादी पट्टी मारून दोर बांधून घेतला, त्याशिवाय मी पाऊल ठेवणार नव्हतो. दोन लागोपाठचे शनिवार ठरले.

उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचा वारा घड्याळासारखा. आतल्या खोऱ्यात दुपारी ऊन तापतं, तिथली हवा वर चढते, आणि समुद्रावरची गार हवा डोंगरांतल्या त्या एका फटीतून, गोल्डन गेटच्या पुलाखालून, आत ओढली जाते. दुपारी पंचवीस नॉट. त्यात ओहोटी असली की उपसागराचं सगळं पाणी त्याच फटीतून बाहेर निघतं, वाऱ्याच्या आणि बाहेरून येणाऱ्या लाटांच्या तोंडावर, आणि पॉइंट बोनिटाच्या दीपगृहाखाली समुद्र उभ्या, आखूड लाटांचा होतो. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीत होडी बाहेर काढताना तांडेल शिव्या का घालायचा, ते ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या शनिवारी वेस्टसेल. धक्क्यावरून मागे काढण्यातच पहिली शोभा झाली. लांब कीलची बोट उलट्या इंजिनाला दाद देत नाही. पंखा तिची शेपूट एका बाजूला ओढतो आणि सुकाणू कुठेही धरा, ती आपल्या मनाने जाते. गृहस्थांनी तीनदा प्रयत्न केला आणि शेजारच्या चकचकीत बोटीवरचा माणूस धक्का झेलायचा फेंडर घेऊन उभा राहिला. मग ताईंनी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात घेतला. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, मागच्या खुंट्याला दोर अडकवला आणि दोराच्या ओढीवर बोट हळूच फिरवून नाळ बाहेर काढली. हे त्यांना कुठल्या क्लबने शिकवलं नव्हतं. कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर खांदे उडवून म्हणाल्या, "बंदरात बघितलंय."

बाहेर जायला वेळ लागला. वाऱ्याच्या तोंडावर ही बोट हट्टी. बाजू बदलताना मधेच थबकते, पुढचं छोटं शीड क्षणभर उलटं धरून तिला ढकलावं लागतं. पाच नॉट, कधी साडेपाच. गृहस्थ मोबाइलवर वेग बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. दीपगृहापाशी लाटा सुरू झाल्या. पहिली मोठी लाट आली तेव्हा बोट वर गेली नाही, नुसती आत शिरली, नाळेवरून पाणी आलं, उंच कठड्यांमधून निघून गेलं, आणि बोट पुढची वाट धरून चालू लागली. झटका नाही, आपटणं नाही. झुकायची ती एका ठराविक कोनापर्यंत, आणि तिथेच थांबायची.

मी म्हटलं, "आता चहा करा."

ही माझी जुनी कसोटी आहे. आतल्या स्वयंपाकघरात उभं राहून, पेटत्या शेगडीवर, लाटांत. ज्या बोटीत दोन माणसांचा चहा होत नाही त्या बोटीत वीस-बावीस दिवसांचा प्रवास होत नाही, आणि मेक्सिको ते मार्केझास हा अडीच हजार मैलांहून बराच लांबचा पल्ला आहे, या वेगाने तीन आठवड्यांच्या वरचा. ताई खाली गेल्या. कपाटाला पाठ, शेगडीच्या दांडीला हात. अरुंद जागेचा फायदा हा, की पडायला जागाच नसते. आलं ठेचल्याचा आवाज वर आला. पाच कप चहा वर आला, पहिला मालकाला.

दुसऱ्या शनिवारी कॅटलिना. वारा आदल्या वेळेहून कमी, वीसच्या आत. धक्क्यावरून ती चाकावरच्या हातात अशी फिरली की गृहस्थ लहान मुलासारखे खूश झाले. साडेसहा नॉट, वाऱ्याच्या अगदी जवळ धरून, बाजू बदलायची तर हाताच्या एका वळशात. मोठा कॉकपिट, पाय पसरून बसायला जागा. खाली मागच्या बाजूला दोघांसाठी ऐसपैस बिछाना, गोल बाक असलेलं जेवणाचं टेबल, उजेड. मला स्वतःला विचाराल तर उपसागरात राहणाऱ्या, शनिवार-रविवार पाहुणे घेऊन एंजल बेटावर जाणाऱ्या कुटुंबाला याहून बरी बोट नाही, आणि असं कुटुंब असतं तर मी तोंडातून अवाक्षर न काढता तिच्यावर शिक्का मारला असता.

दीपगृहाबाहेर ती नाचू लागली. हलकी, रुंद, सपाट बुडाची बोट प्रत्येक लाटेला उत्तर देते. उडते, आपटते, झटक्यात झुकते आणि झटक्यात उभी राहते. धोका काही नव्हता. बोट मजबूत होती, तारांतून नीट सूर येत होता. चहा करायला ताई खाली गेल्या. आत रुंद केबिन. एका बाजूचं टेकायचं ठिकाण सुटलं की दुसरं हातभर लांब. भांडं पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने वर आल्या आणि कठड्यावर वाकल्या. परत येईपर्यंत त्या वाकलेल्याच होत्या.

नवरा काळजीत. तरी म्हणाला, "अगं, पण ही दीड नॉटने जास्त चालते. तिकडे पोचायला पाचेक दिवस कमी लागतील."

"पोचून करू काय?" ताई रुमालाने तोंड पुसत म्हणाल्या. "ओकत?"

समुद्र कोणाला कधी लागेल याचा नेम नसतो, हे मला माहीत आहे. झोप झालेली नसली, पोट रिकामं असलं, तर तांडेलाला पण लागतो. म्हणून मी त्यांना सांगितलं, एका फेरीवर जाऊ नका, पुन्हा बघा. पण दांडगा दिवस वेस्टसेलच्या वाट्याला आला होता आणि सोपा कॅटलिनाच्या, ही गोष्ट तक्त्यात कुठेच बसत नव्हती. गमतीत काढलेले ते 43 आणि 22 मात्र बसत होते. गृहस्थांनी संध्याकाळी लॅपटॉप उघडला, बराच वेळ काही न लिहिता बसले आणि मग दुसऱ्या ढिगाकडे वळले.

त्या ढिगात मी त्यांना आणखी एक गोष्ट मांडायला लावली. दूरच्या प्रवासाला दोन माणसांचं पाणी, डिझेल, अन्न, जास्तीचा नांगर नि साखळी, हत्यारं, सुटे भाग असं सगळं मिळून दीड टन सहज भरतं. वेस्टसेलच्या वजनात ही भर सहाव्या हिश्शाची. कॅटलिनाच्या वजनात चौथ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे कॅटलिनाचा जो वेग आपण आज बघितला तो रिकाम्या बोटीचा आहे, आणि तिकडे निघताना त्यातला काही इथेच धक्क्यावर ठेवून जावा लागेल. वेस्टसेलला मुळात ठेवून जाण्यासारखा वेग नाही.

वेस्टसेलच्या बाजूने लोक 1991च्या वादळाची गोष्ट हमखास सांगतात, गृहस्थांनीही ती कुठूनतरी काढली. अटलांटिकवर सटोरी नावाच्या वेस्टसेल 32 वरची माणसं तटरक्षक दलाने उतरवून घेतली, आणि रिकामी सोडलेली बोट पुढे मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाळूत लागलेली सापडली, बरीचशी धड. गोष्ट खरी आहे. तिच्यावरून बोट घ्यावी असं मला वाटत नाही. माणसं उतरल्यावर बोट तरते ही बोटीची थोरवी झाली. बोटीत माणसं टिकतात का हा प्रश्न वेगळा, आणि तो ताईंनी चहाच्या भांड्याने सोडवला होता.

कॅटलिनाच्या शिक्षकाला मी स्वतः फोन केला. त्याची बोट इतकी नीट ठेवलेली होती की ती नाकारली जाते आहे ती तिच्या दोषामुळे नव्हे, हे त्याला कळावं असं मला वाटलं. महिन्याभरात सॉसालिटोच्या एका कुटुंबाने ती मागितलेल्या किमतीला घेतली, आणि त्या कुटुंबात दोन लहान मुलं आहेत हे ऐकून मला बरं वाटलं. ती बोट त्यांच्यासाठीच होती.

वेस्टसेलच्या किमतीवर पंधरवडाभर घासाघीस झाली. माझ्या अहवालातल्या पहिल्या ढिगातली ओळ न ओळ गृहस्थांनी दलालासमोर ठेवली, वायरिंगच्या फोटोंसकट. चिपवाला माणूस, आकड्यांत त्यांना कोण हरवणार? टाकीचे पैसे मालकाने सोडले, बूमकिनचे अर्धे, वायरिंगवर तो अडला आणि अखेर तेही सुटले. विमा कंपनीने तारा नव्या घातल्याशिवाय किनाऱ्यापासून पुढे जायला मनाई केली, ते मी धरूनच चाललो होतो. पॅनेलमागचं जंजाळ गृहस्थांनी स्वतः उपसलं. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना चिठ्ठी, प्रत्येक फ्यूज नकाशावर. त्या कामात ते इतके रमले की वेगाचा विषय त्यांनी बरेच महिने काढला नाही. ताई संध्याकाळी धक्क्यावर दोर लावून बोट मागे-पुढे काढायचा सराव करतात. शेजारचा माणूस आता फेंडर घेऊन उभा राहत नाही, दोर पकडायला येतो.

एक खर्च मात्र त्यांच्या तक्त्यात राहून गेला होता. नाळेपुढे निघालेला बाउस्प्रिट आणि मागचा बूमकिन धरून बत्तीस फुटी वेस्टसेल टोकापासून टोकापर्यंत चाळीस फूट भरते, आणि त्यांच्या मरीनात जागेचं भाडं टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीवर लागतं. गृहस्थ ऑफिसात जाऊन म्हणाले, दोन्ही सोट हवेत आहेत, पाण्यात बोट बत्तीसच फूट आहे. तिथल्या बाईने टेप घेतली, धक्क्यावर आली, सोटांसकट मोजली आणि पावतीवर चाळीस लिहिलं.